वावडे आणि व्रत

मराठी भाषेत 'वावडे' हा शब्द फार ऐसपैस वावरतो. कुणाला वांग्याचे वावडे असते, कुणाला पाहुण्यांचे. आमच्या खात्याला, लोक म्हणतात त्याप्रमाणे, त्वरेचे वावडे आहे. जे आवडत नाही, जे सोसत नाही, जे करावयाचे नाही आणि ज्याचे नुसते नाव काढले तरी कपाळाला आठी पडते, त्या साऱ्यांना आपण हा एकच शब्द लावतो. बोलीत अशी सैलता असावयाचीच, आणि एरवी तिने कुणाचे काही बिघडत नाही. परंतु ज्या मुलाच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा असतो, त्याची ह्या सैलतेने फार कुचंबणा होते. 'मला शेंगदाण्याचे वावडे आहे' असे एखादे मूल म्हणते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात उभे राहते ते पानात भाजी टाकणारे हट्टी पोर. त्याच्या प्राणाशी गाठ आहे, असे कुणाच्या मनातही येत नाही. ज्या मुलुखात मी सध्या नोकरी करतो, तेथील तमिळ लोक ह्याला 'ओव्वामै' म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात 'ओत्तुक्कादु' असे सांगतात. म्हणजे जुळत नाही, पटत नाही. ह्या बोलण्यात दोष खाणाराकडेही जात नाही आणि पदार्थाकडेही जात नाही. दोघांचे जमत नाही, एवढीच नोंद होते. वावडे आणि ओव्वामै ह्या दोन शब्दांतील ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

वैद्यकाला ह्या प्रकाराची नीट ओळख पटून फार दिवस झालेले नाहीत. १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए ह्या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांना समुद्रपुष्पाच्या विषाचे प्रयोग करताना एक विलक्षण गोष्ट आढळली. पहिल्या मात्रेतून सुखरूप उठलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या, पहिलीहून कितीतरी लहान मात्रेने काही मिनिटांतच मरण पावला. सवयीने बळ यावे तेथे दौर्बल्य आले होते. ह्या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालवैद्य क्लेमेन्स फोन पिर्के यांनी घडविला. आणि ह्या उत्पाताचे मूळ असलेले रक्तातील द्रव्य १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका पतिपत्नींनी अमेरिकेत व त्याच वेळी स्वीडनमधील संशोधकांनी शोधून काढले. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर देवडीवरचा पहारेकरी निरुपद्रवी पाहुण्याला दरोडेखोर समजतो आणि त्याला अडविण्याच्या भरात सारा वाडाच पेटवून देतो. अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलट्या होतात, घसा आवळतो, श्वास घरघरू लागतो; आणि प्रकार विकोपाला गेला तर रक्तदाब कोसळून मूल डोळ्यांदेखत निपचित पडते. हे सारे कधीकधी पाचदहा मिनिटांत घडते. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या अंगास द्यावयाची ॲड्रेनलिनची सुई हाच पहिला उपाय होय. पित्ताची गोळी देऊन वाट पाहत बसणे धोक्याचे. मागच्या वेळी थोडक्यावर निभावले, म्हणून पुढच्या वेळीही निभावेल असे कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

पाश्चात्त्य ग्रंथांत दूध, अंडे, भुईमूग, गहू, मासे अशी नावे आघाडीवर असतात. आपल्याकडची यादी थोडी वेगळी आहे. २००१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी हरभरा हे भारतीय उपखंडातील वावड्याचे एक प्रमुख कारण असल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या पुरणपोळीवाचून आपली होळी होत नाही आणि ज्या पिठल्यावाचून आपला गरिबीचा संसार होत नाही, तीच कुणा मुलाला विष व्हावी! म्हैसूरच्या संशोधकांनी तर वांग्याच्या वावड्याचाही रीतसर अभ्यास केला आहे. तेव्हा घरोघरचे वांग्याचे वावडे पुराणातल्या वांग्यांसारखे हसून सोडून देता येईलच, असे नाही.

आमच्या घरी गाठ पडली ती भुईमुगाशी. मुलगी तीन वर्षांची असताना डॉक्टरांनी निदान केले. आता ती नऊ वर्षांची आहे. मराठी स्वयंपाकघरातून शेंगदाण्याचे कूट वजा करणे म्हणजे काय, हे गृहिणींना सांगावयास नको. कोशिंबीर, काकडीची खमंग, साबुदाण्याची खिचडी, भरली भाजी, आमटी, दाण्याचा लाडू आणि उपवासाचा उभा फराळ! आमची बदली तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु ह्या गावी झाली, तेव्हा तांदूळ, उडीद आणि नारळ ह्यांच्या राज्यात कुटाची धास्ती राहणार नाही, असे आम्हांस वाटले होते. पण कालव्याच्या पाण्यावरच्या भाताइतकाच ह्या बाजूच्या तांबड्या जमिनीत भुईमूगही होतो. गाडीवर तो वाळूत भाजतात, चटणीत वाटतात, गुळाच्या पाकात घालून त्याची 'कडलै मिठाई' करतात. आणि नवरात्रात घरोघर बाहुल्यांचा 'गोलु' मांडला, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातावर 'सुंडल' ठेवतात. ते आज हरभऱ्याचे, उद्या मुगाचे, तर परवा भुईमुगाचे. २०२० च्या नियमांनी आपल्या देशात बंद पाकिटांवर दूध, अंडे, भुईमूग वगैरे घटकांची ठळक सूचना देणे सक्तीचे झाले आहे. पण पळसाच्या द्रोणावर सूचना कोण छापणार?

आमच्या शेजारी एक आजी राहतात. तंजावरच्या जुन्या मराठी कुळातल्या. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी घाट उतरून आली ती येथेच मुरली. मुलीला नवरात्रात घरोघर नेण्याचे आम्ही टाळतो, हे पाहून त्यांनी एक तोड सुचविली. रोगाचे नाव काढू नये. मुलीने काशीला भुईमूग सोडला आहे, असे सांगावे. काशीयात्रा केली की एखादे फळ किंवा भाजी जन्माची सोडावयाची, ही चाल आपल्याकडे आहे, तशीच ती येथेही आहे. आजींच्या सासूबाईंनी कारले सोडले होते. पुढे चाळीस वर्षे कुणी चुकूनही त्यांच्या पानात कारले वाढले नाही, आणि का म्हणूनही विचारले नाही.

ह्या सल्ल्यातील शहाणपण नाकारण्यासारखे नव्हते. आपला समाज अन्न नाकारणाराचा सहसा अपमान मानतो. आग्रह करून वाढणे हे आपल्या आतिथ्याचे भूषण आणि 'कणभर तरी घ्या' हे त्याचे ब्रीद. तथापि ह्याच समाजात एका माणसापुढे सारा आग्रह तत्काळ थांबतो, आणि तो माणूस म्हणजे व्रतस्थ. 'आज माझी एकादशी' असे म्हणताच यजमानीण ओशाळते, आत जाऊन वेगळे काही करते आणि वर क्षमा मागते. एकादशीचा पुरावा कुणी मागत नाही. शरीराच्या कारणास्तव नाकारणाराला मात्र उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. किती खाल्ले होते? केव्हा? दुसरेच काही बाधले नसेल कशावरून? थोडे थोडे देऊन सवय का करीत नाही? ह्या शेवटच्या प्रश्नात दिसतो तितका अडाणीपणा नाही. काही ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टर आपल्या देखरेखीखाली अगदी तसेच करतात. पण ते काम हळदीकुंकवाच्या बैठकीत करावयाचे नसते.

हा भेद का असावा? माझ्या मते व्रत ही समाजाची स्वतःची भाषा आहे. व्रत करणारा ज्या देवाला भितो, त्याला यजमानही भितो. म्हणून त्याचा नकार यजमानाला आतून समजतो. दुसऱ्याच्या शरीराची भाषा मात्र कुणालाच येत नाही. माझा घसा आवळला तर तो मलाच कळतो. त्यातून ते शरीर लहान मुलाचे असले, म्हणजे त्याच्या शब्दाला मुळातच वजन कमी. मुलांनी काय खावे हे मोठ्यांनी ठरवावयाचे, अशी आपली शिस्त. आणि एरवी ती योग्यच आहे, नाहीतर कुठल्या मुलाने कारल्याची भाजी खाल्ली असती? ह्या शिस्तीत खरे नाही म्हणणारे मूल आणि खोटे नाही म्हणणारे मूल ह्यांचा आवाज एकच येतो, ही खरी अडचण आहे.

मग आजींचा सल्ला का मानू नये? असत्य म्हणून? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ च्या एका लेखात मारेकऱ्याच्या प्रश्नालाही खोटे उत्तर देऊ नये, असे प्रतिपादिले होते. आपली परंपरा इतकी कठोर नाही. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णांनी अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगितली आहे. दरोडेखोरांनी विचारले, लोक कुठल्या वाटेने गेले? सत्यवचनाचा अभिमान धरणाऱ्या कौशिकाने खरे सांगितले. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. जीव वाचविणारे असत्य चालत असेल, तर नऊ वर्षांच्या पोरीसाठी काशीचे नाव घेण्यात कोणते पाप? मी ह्या प्रश्नावर पुष्कळ दिवस घालविले, आणि सत्यासत्याच्या बाजूने मला त्यात फारसे वावगे आढळले नाही. वावगे आढळले ते निराळ्याच बाजूने, आणि तेही एका सुशील गृहिणीच्या वागण्यावरून.

आजींनी एके दिवशी आमच्या वतीने आपण होऊनच ती काशीची हकीकत एका घरी सांगून टाकली. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. त्या बाईंनी मुलीकडे कौतुकाने पाहिले, एवढ्या लहान वयात केवढा निग्रह म्हणून तिच्या गालांवरून बोटे मोडली, आणि तिच्यासाठी ठेवलेल्या द्रोणातून भुईमुगाचे दाणे एकएक करून वेचून काढले. राहिलेले खोबरे, मोहरी आणि कढीलिंब मोठ्या प्रेमाने तिच्यापुढे केले. व्रत पाळले गेले होते! मुलीने हात मागे घेतला आणि 'ओत्तुक्कादु' म्हटले. बाई गोंधळल्या. त्यांचे काय चुकले हे त्यांना कळेना. आणि खरोखर त्यांचे काहीच चुकले नव्हते. व्रताच्या न्यायाने त्या बिनचूक वागल्या होत्या.

व्रताचा न्याय आणि वावड्याचा न्याय ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. व्रतात भाव मोजला जातो. सोडलेला पदार्थ नकळत पोटात गेला तर दोष लागत नाही, लागलाच तर त्याला प्रायश्चित्त आहे. देव अंतःकरण पाहतो. शरीर अंतःकरण पाहत नाही. वाढणाराचे प्रेम, खाणाराचे अज्ञान, दोघांची निष्पापता ह्यांपैकी कशाचाही हिशेब तेथे होत नाही. हिशेब होतो तो केवळ कणाचा. जो पळा आधी भुईमुगाच्या चटणीत बुडाला तोच सांबारात बुडाला, एवढे त्याला पुरते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात २००३ मध्ये सॅब्रिना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी शाळेच्या उपाहारगृहात तळलेले बटाटे खाऊन मरण पावली. तिला दुधाचे वावडे होते आणि बटाट्यांत दूध नव्हते. संशय आला तो चिमट्यावर, कारण त्याच चिमट्याने दुधाचा पदार्थ उचलला गेला होता. पुढे २००५ मध्ये तिच्या नावाने तेथे कायदा झाला आणि अशा मुलांसाठी काय व्यवस्था ठेवावयाची, हे प्रत्येक शाळेला बांधून दिले गेले. व्रताच्या नावाखाली वावडे लपविले, की लोक आदर करतील, पण चुकीची काळजी घेतील. आजींच्या असत्याविरुद्ध माझा आक्षेप एवढाच की, कौशिकाने जे सांगावयास हवे होते त्याच्यासारखे जीव वाचविण्याचे सामर्थ्य त्यात नाही.

आणखीही एक गोष्ट मनात येते. आपल्या शरीराचे खरे हे पुरेसे खरे नाही, त्याला देवाची वस्त्रे नेसविल्यावाचून ते चारचौघांत नेता येत नाही, असे त्या मुलीने ह्या वयात का शिकावे?

आमच्या गावात ह्या प्रश्नाला एक जुनी पार्श्वभूमी आहे, आणि परमुलुखात नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांना ती जिव्हाळ्याची वाटेल. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु येथे दुसरे सरफोजी महाराज यांनी बांधलेले मुक्तांबाळ छत्र उभे आहे. महाराजांची प्रिय सहचारिणी मुक्तांबा हिच्या नावाने ते १८०२ च्या सुमारास उभारले गेले. रामेश्वराच्या वाटेवर भोसल्यांची अशी अनेक छत्रे होती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला, तेव्हा निदान ही अन्नछत्रे तरी आपल्या हाती राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट टॉरिन यास एक पत्र लिहिले. त्यात छत्रांची रीत तपशिलाने सांगितली आहे. मी पोटापाण्यासाठी रोज पत्रे लिहितो. पण इतके नेटके सरकारी पत्र माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत आणि जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व यात्रेकरूंना तेथे शिजविलेला भात मिळे. ज्यांना शिजविलेला नको, त्यांना कोरडा तांदूळ व मसाल्याचे सामान, म्हणजे आपण ज्याला शिधा म्हणतो ते, मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कुणी जेवावयाचे राहिले असेल तर यावे, असे पुकारीत. अनाथ मुलांना पंतोजींच्या हवाली करून तिन्ही वेळा जेवू घालीत, चार दिवसांनी एकदा तेल माखीत आणि त्यांना आवडेल ती विद्या शिकवीत. कुणी वाटसरू आजारी पडला, तर तो बरा होईतो त्याला औषध आणि त्याच्या प्रकृतीला मानवेल असे पथ्याचे अन्न आदराने देत. पत्र लिहिणारा आपली बाजू मांडीत होता, हे लक्षात घेऊनही ह्या व्यवस्थेतील एक गोष्ट मनात भरते. एकाच स्वयंपाकघराने तीन प्रकारची माणसे ओळखली होती: जे मिळेल ते खाणारा, शिधा मागणारा आणि पथ्य लागणारा.

शिध्याची मागणी बहुधा सोवळ्यापोटी होत असे, हे उघड आहे. तिच्यात जातीचा अभिमान होता आणि आज आपण त्याचे समर्थन करणार नाही. पण कोठारातून तांदूळ मोजून देणाऱ्याने मागणाराच्या मनात शिरून पाहावे, अशी अपेक्षाही तेथे नव्हती. आमची मुलगी ह्या तिहींपैकी कुठे बसते? ती आजारी नाही. धावते, पोहते, वर्गात सर्वांत जास्त बडबड करते. तिने काही सोडलेले नाही, आणि सोवळे तर तिला ठाऊकही नाही. ती पंक्तीतलीच आहे, फक्त एका दाण्यापुरती पंक्तीबाहेर. तिच्यासाठी चौथा रकाना आखला पाहिजे, आणि नवा रकाना आखणे किती अवघड असते हे आम्हां कारकून मंडळींइतके कुणाला ठाऊक असणार?

तमिळ मुलुखात तर वेगळ्या पानाची जखम अद्याप ओली आहे. १९२४-२५ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातील चेरनमादेवी येथे व. वे. सु. अय्यर यांच्या गुरुकुलात काही ब्राह्मण मुलांना वेगळे जेवू घालीत, ह्यावरून मोठे वादळ उठले. वरदराजुलु नायडू आणि ई. व्ही. रामस्वामी त्याविरुद्ध उभे राहिले, आणि ह्या प्रांताच्या पुढच्या राजकारणावर त्या दोन पानांची छाया पडली. त्याच सुमारास, १९२४ मध्ये, साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवू लागले होते. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला शाहू छत्रपतींचे नाव दिले. शाळकरी मुलांनी एका पंक्तीत बसून एकच अन्न खावे, ही गोष्ट आपल्या लोकांनी भांडून मिळविलेली आहे. म्हणून एखादी शिक्षिका 'माझ्या वर्गात कुणाचे पान वेगळे नाही' असे अभिमानाने सांगते, तेव्हा तिला हसू नये. आमच्या मुलीच्या पहिल्या शाळेतील बाईंनी हेच सांगितले होते. त्या निर्दय नव्हत्या. उलट त्यांच्या दृष्टीने आम्हीच एका जुन्या रोगाची नवी चिठ्ठी घेऊन आलो होतो.

मला वाटते, पाहावयाचे ते एवढेच की वेगळे पान कुणाचे कुणापासून रक्षण करते. सोवळ्यात माणूस अपवित्र ठरतो. त्याच्या सावलीपासून अन्न जपतात. वावड्यात अन्न धोक्याचे ठरते. त्याच्यापासून माणूस जपावयाचा असतो. भांडी दोन्हीकडे वेगळी, पळ्या दोन्हीकडे वेगळ्या. बाहेरून पाहणाराला दोहोंत फरक दिसणार नाही. पण पहिल्यात मुलाला पंक्तीतून उठवितात आणि दुसऱ्यात त्याला पंक्तीत बसता यावे म्हणूनच पळी वेगळी ठेवतात. पान वेगळे असले तरी पाट शेजारीच मांडला पाहिजे. शाळांनी नेमके उलटे केलेले मी पाहिले आहे. अन्न तेच ठेवून मुलाला मात्र कोपऱ्यातल्या बाकावर एकटे बसवितात, आणि हीच आपली दक्षता असे समजतात. हे ना धड सोवळे ना धड पथ्य.

ह्याच प्रांताने ह्या कोड्यातून एक साधी वाटही काढून ठेवली आहे. कामराज यांनी १९५६ मध्ये शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ च्या जुलैत त्याचा विस्तार केला. १९८९ पासून त्यात अंडेही आले. जी मुले अंडे खात नाहीत, त्यांना केळे देतात. केळे मागणारे मूल शाकाहारी आहे की त्याला अंड्याचे वावडे आहे, ह्याच्याशी नियमाला कर्तव्य नाही. सरफोजींच्या कोठारातील शिध्याची रीत दोन शतकांनी अशी निराळ्या रूपाने पुन्हा भेटते, आणि ह्या वेळी तिच्यात जातीचा वासही नाही. अंडे ज्या कढईत गेले तिचा प्रश्न उरतोच. पण निदान नाही म्हणण्याला तेथे एक मान्य शब्द आहे.

दुसरी अडचण गोपाळकाल्याची. आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून सर्वांनी सारख्या खाव्यात, ह्याहून सुंदर समतेचे चित्र मराठी मनाजवळ नाही. डबा वाटून खावा, असे आपण मुलांना शिकवितो, आणि तेच बरोबर आहे. आता ज्या मुलीला काला वर्ज्य, तिच्यासाठी साऱ्या गोकुळाने शिदोरी बदलावी काय? परदेशांतील काही शाळांनी भुईमुगाला बंदीच केली आहे, आणि एका हितचिंतकाने तसा अर्ज करण्याविषयी मला सुचविलेही. मी तो केला नाही. कडलै मिठाई ही येथल्या गरिबाच्या मुलाची मेवामिठाई आहे. काही रुपयांत इतके पोटभरीचे दुसरे काही त्याला मिळत नाही. माझ्या मुलीच्या निर्धास्तपणासाठी चाळीस मुलांच्या खिशातील ती वडी काढून घेणे मला न्याय्य वाटत नाही. शिवाय शेजारी कुणी भुईमूग खाल्ल्याने किंवा त्याचा वास आल्याने गंभीर उत्पात सहसा होत नाही. खरे भय तो पोटात जाण्याचे. खाल्ल्यावर साबणाने हात धुणे, तिच्या डब्याशी अदलाबदल न करणे, तिला कुणी आग्रह न करणे आणि वेळ आलीच तर धावाधाव न करता डॉक्टरांकडे नेणे, एवढे मागण्याचा अधिकार मात्र मी सोडणार नाही. हे उपकार म्हणून मागावयाचे नाही आणि धाक घालूनही मागावयाचे नाही. मधला सूर सापडावयास फार वेळ लागतो.

'आमच्या वेळी हे असले काही नव्हते' असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यात अर्धे तथ्य आहे. श्रीमंत देशांतील डॉक्टर एके काळी आयांना सांगत की, धोका असलेल्या मुलाला तीन वर्षांपर्यंत भुईमूग देऊ नका. २००८ पर्यंत तो उपदेश मागे घेतला गेला, आणि २०१५ मध्ये लंडनच्या एका मोठ्या प्रयोगाने दाखविले की, लहानपणीच, योग्य देखरेखीने, तो खाऊ घातल्यास पुष्कळ मुलांत वावडे उत्पन्नच होत नाही. आजीच्या हातचे कुटाचे बोट कदाचित ह्या शास्त्राच्या पुढे होते. पण ज्यांना ते तरीही उद्भवले त्यांचे काय झाले, हे त्या वेळच्या कुठल्या दप्तरात आहे? 'दृष्ट लागली', 'जेवता जेवता गेला', 'घशात काही अडकले', अशा नोंदींखाली त्यांतील कुणी गाडले गेले नसेल, असे म्हणवत नाही.

दूध आणि अंडे ह्यांची वावडी पुष्कळ मुलांत वयाबरोबर ओसरतात. भुईमुगाचे बहुतेकांत जन्मभर टिकते. म्हणजे हा प्रश्न शाळेच्या फाटकाशी संपत नाही. डॉक्टर सांगतात की सर्वांत जोखमीचे वय ते चौदापंधराच्या पुढचे. तोवर आईबाप विचारीत असतात. पुढे स्वतः विचारावे लागते, आणि त्या वयात चारचौघांत वेगळे दिसण्यापेक्षा मरण सोपे वाटते. वसतिगृहाची खानावळ, मैत्रिणीचे लग्न, आगगाडीतील शेजाऱ्याने प्रेमाने पुढे केलेला डबा, कचेरीतील बढतीचे पेढे! आपल्यासारख्या दर तीनचार वर्षांनी गाव बदलणाऱ्यांच्या मुलांना तर हे प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक भाषेत, पहिल्यापासून सांगावे लागते. मागच्या गावी मिळविलेला विश्वास बदलीच्या हुकमाबरोबर येत नाही.

सध्या तिच्या दप्तरात एक जाड कागद असतो. त्यावर मराठीत, तमिळमध्ये आणि इंग्रजीत काय चालत नाही, काय झाल्यास काय करावयाचे आणि कुणाला बोलवावयाचे, हे मी टंकलिखित करून ठेवले आहे. मसुदा माझा असल्यामुळे त्यात 'विनंती आहे की' हे शब्द तीन वेळा आले होते. गेल्या महिन्यात तिने तो वाचून पाहिला, पेन्सिलीने तिन्ही ठिकाणचे शब्द खोडले आणि खाली तमिळमध्ये आपल्या हाताने एक ओळ घातली: मी नाही म्हटले तर पुन्हा विचारू नका. मी तो कागद तसाच पुन्हा टंकून दिला आहे.